देवाला रंग कां नको?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या घरांत एक नवी चाल पडली आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत, पुस्तकांच्या कपाटावर किंवा दारासमोरच्या भिंतीशीं लाकडाची एक गणपतीची, कृष्णाची अगर नटराजाची मूर्ति उभी असते. वरून तिच्यावर एक लहानसा दिवा सोडलेला असतो. आणि ती कोठून आणली, केवढ्याला पडली व "संपूर्ण हातानें कोरलेली" कशी आहे, हें सांगण्याची घरधन्याला उत्सुकता असते. या चालीबद्दल माझी तक्रार नाहीं. देव देवघरांतून बाहेर आला म्हणून धर्म बुडाला, असें मानणाऱ्यांपैकीं मी नव्हे. प्लॅस्टिकच्या फुलांच्या जागीं कोणा कारागिराच्या हातची वस्तु घरांत येते, ही चांगलीच गोष्ट आहे. माझी तक्रार दुसरीच आहे. या मूर्तींना रंग नसतो. पाहावी ती मूर्ति तपकिरी, काळसर, वरून पॉलिशची झांक मारलेली. रंगवलेली कां घेतली नाहीं, असें विचारावें तर उत्तर ठरलेलें: "छे! रंगवलेली फार बटबटीत दिसते."

हा 'बटबटीत' शब्द दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु त्याच्या पोटांत एक संपूर्ण सौंदर्यशास्त्र दडलेलें आहे. त्याचा अर्थ असा कीं, लाकूड हें खरें व रंग हा खोटा. कोरणें ही कला व रंगविणें ही नुसती सजावट. ज्याला अभिरुचि आहे त्यानें लाकडाच्या रेषा न्याहाळाव्या आणि रंग खेड्यांतल्या जत्रेला सोडून द्यावा. हें मत इतकें रूढ झालें आहे कीं, तें कोणी कधीं सिद्ध केलें आहे काय, असा प्रश्नहि आपणांस पडत नाहीं. माझें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे. घरांत पुजण्यासाठीं किंवा मांडण्यासाठीं म्हणून जी लाकडी देवमूर्ति या देशांत पिढ्यान्‌पिढ्या घडली, ती बहुतेक सर्वत्र रंगासाठींच घडली. रंगावांचून ती पुरी झालेली नसते. आणि ती अपुरी विकत आणून आपण तिला 'साधी व सुंदर' म्हणतों, यांत अभिरुचीपेक्षां अज्ञानाचाच भाग अधिक आहे.

प्रथम ही मूर्ति घडते कशी तें पाहूं. विजयवाड्याजवळच्या कोंडापल्लीचे कारागीर पोणिकी नांवाच्या हलक्या, मऊ लाकडांत दशावतार घडवितात. तें लाकूड आधीं मंद आंचेवर शेकून त्यांतील ओल काढावयाची. धड, हात, आयुधें वेगवेगळीं कोरावयाचीं. चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्यानें तीं सांधावयाचीं. सांधे घांसून वर चुन्याचा पांढरा हात द्यावयाचा. आणि तो वाळला म्हणजे मग रंगाला आरंभ. कर्नाटकांत कोप्पळ जिल्ह्यांतील किन्नाळ गांवीं हीच रीत थोड्या फरकानें चालते. तेथें तागाच्या चिंध्या व भुसा खळींत कालवून त्याचा लेप मूर्तीवर चढवितात आणि खड्यांची पूड डिंकांत कालवून त्या लेपावर दागिने उठवितात. म्हणजे देवाच्या गळ्यांतला हार तेथें छिन्नीचा नसतोच. तो लेपाचा आणि कुंचल्याचा असतो. बंगालमध्यें नतूनग्रामचे सूत्रधार जे गौर-निताई करतात, ते तर दुरूनच पिवळ्या व तांबड्या रंगांवरून ओळखावे. ओरिसांतल्या चित्रकारांची रंगांची पेटी पाहिली तर शंखाच्या भुकटीचा पांढरा, हिंगुळाचा तांबडा, हरताळाचा पिवळा, दिव्याच्या काजळीचा काळा, आणि बांधणीला कवठाचा डिंक. या सर्व ठिकाणीं लाकूड म्हणजे मूर्तीचें हाड समजावें. मांस आणि कातडी त्यावर चढवावयाची असते. कातडी न चढविलेला देह सुंदर दिसतो असें वैद्यकीच्या विद्यार्थ्याखेरीज कोणी म्हणेल, असें मला वाटत नाहीं.

शिवाय या कारागिरांचें नांवच काय सांगतें पाहा. कानडी मुलुखांत त्यांना चित्रगार म्हणतात. आमच्या सावंतवाडींत ते चितारी. तेथील एका आळीला चितार आळी हेंच नांव आहे. पाट, चौरंग, देव्हारे, पांगाऱ्याच्या लाकडाचीं फळें आणि दशावताराच्या गंजिफा हीं सारीं याच हातांचीं कामें. ज्या माणसाला सबंध समाजानें रंगावरून ओळखलें, त्याला आतां आपण सांगतों कीं, बाबा, तुझें रंगाचें काम तेवढें राहूं दे, लाकूड तेवढें दे.

आतां डोळ्यांची गोष्ट. हाच या वादाचा गाभा आहे, म्हणून येथें थोडें थांबतों.

श्रावण आला कीं आमच्या घरोघरचीं माणसें गणपतीच्या कारखान्यांत मूर्ति ठरवावयास जातात. तेथें काय पाहतात? सोंड, कान, पोट हें तर सगळ्या गणपतींना सारखेंच. पाहतात ते डोळे. "याचे डोळे बघ, कसे बोलके आहेत," असें म्हणून शंभर मूर्तींतून एकीवर बोट ठेवलें जातें. कारखानदारहि हें जाणून असतो. पेणपासून लालबागपर्यंत डोळ्यांची आंखणी ही सर्वांत निष्णात हाताकडे राखून ठेवलेली असते, आणि तो कारागीर बाकीच्या रंगकामाला सहसा हात लावीत नाहीं. शास्त्रांतहि मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधि सर्वांच्या शेवटीं येतो. त्याला नेत्रोन्मीलन असें नांव आहे. आमच्या देवळांतल्या दगडी देवांनासुद्धां चांदीचे डोळे बसवितात, तें उगाच नव्हे. दर्शन म्हणजे केवळ आपण देवाला पाहणें नव्हे; देवानेंहि आपल्याकडे पाहावें लागतें.

आणि तेंच कुटुंब, मातीच्या गणपतीचे डोळे तासभर पारखणारें, लाकडाचा गणपति घ्यावयास गेलें म्हणजे डोळ्यांच्या जागीं दोन तपकिरी फुगवटे असलेली मूर्ति उचलून आणतें! पापण्या आहेत, बुबुळ नाहीं. पांढरें नाहीं, काळें नाहीं. दीड दिवसांनीं विसर्जन व्हावयाच्या मूर्तीला डोळे पाहिजेत आणि जी घरांत कायमची राहावयाची ती आंधळी चालते, ही कोठली रसिकता?

ज्यांना माझें म्हणणें अतिशयोक्तीचें वाटेल त्यांनीं पुरीहून यात्रेकरू आणतात ती जगन्नाथ, बलभद्र व सुभद्रा यांची लहानशी रंगीत लाकडी त्रयी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यावरील रंग मनांतल्या मनांत खरवडून काढावा. काय उरतें? एक ठोकळा. नाक, तोंड, तीं वाटोळीं विशाल नेत्रें, सारीं गेलीं. ज्या देवाच्या दर्शनाला लक्षावधि माणसें रथाच्या वाटेवर उभीं राहतात, त्याचें मुखच मुळीं रंगाचें आहे. तेथें छिन्नीनें केलें आहे तें एवढेंच कीं, कुंचल्याला जागा करून दिली.

मग ही उघड्या लाकडाची आवड आली कोठून? माझ्या समजुतीप्रमाणें ती आम्हां इंग्रजी शिकलेल्यांनीं आणली, आणि तीहि उसनी. अठराव्या शतकांत विंकेलमान नांवाच्या जर्मन पंडितानें ग्रीक शिल्पाची थोरवी युरोपला शिकविली; तेव्हांपासून शुभ्र संगमरवर म्हणजेच अभिजात कला, असा समज तेथें दृढ झाला. वस्तुतः ग्रीकांनीं आपले देव रंगविलेले होते. त्या रंगाचे अवशेष दगडांवर सांपडत होते, पण पाहावयाचे नाहीं असें ठरविल्यावर कोण पाहणार? ही हौस कोणत्या थराला गेली तें ब्रिटिश म्यूझियममध्यें १९३७-३८ सालीं दिसलें. पार्थेनॉनचीं शिल्पें पुरेशीं पांढरीं दिसेनात म्हणून तेथील माणसांनीं तांब्याच्या हत्यारांनीं त्यांचा पृष्ठभाग घांसून काढला, आणि पुढें त्याचा मोठा बोभाटा झाला. २००३ सालीं म्यूनिकमध्यें ग्रीक मूर्तींच्या प्रतिकृती मूळच्या रंगांत रंगवून मांडल्या तेव्हां प्रेक्षक दचकले; त्यांनाहि त्या बटबटीतच वाटल्या असाव्या.

लाकडापुरतें बोलावयाचें तर युरोपांतच एक मासलेवाईक गोष्ट घडली आहे. रीमेनश्नायडर या थोर जर्मन शिल्पकारानें म्यूनरश्टाट गांवच्या चर्चसाठीं १४९० ते १४९२ या काळांत लाकडाची एक वेदी कोरली आणि ती न रंगवितां तशीच दिली. कोरीव काम अप्रतिम. आजहि कलेचे इतिहासकार त्याची वाखाणणी करतात. पण दहा-बारा वर्षें होतात न होतात तों त्या गांवानें फाइट श्टोस नांवाच्या दुसऱ्या शिल्पकाराला बोलावून ती रंगवून घेतली. पूजा करणाराला काय लागतें, हें त्या गांवच्या लोकांना ठाऊक होतें. स्पेनमध्यें तर माँतान्येससारख्या शिल्पकारानें लाकूड कोरावें आणि पाचेकोसारख्या चित्रकारानें, जो वेलास्केथचा गुरु व सासरा, तें रंगवावें, अशी रीतच होती. तेथें रंगविणाराला कोणी हलका मानीत नसे. आमच्या गोव्यांतल्या चर्चांतील संतांच्या जुन्या लाकडी मूर्ती पाहा. त्याहि रंगवलेल्या आहेत.

याला उत्तर म्हणून कोणी दक्षिणेकडे बोट दाखवील, आणि तें बोट दाखविणें रास्त आहे. तामीळ देशांतील देवळांच्या रथांवर जीं शेंकडों देवदेवतांचीं कोरीव कामें असतात, तीं मोहासारख्या टणक लाकडाचीं, तेल पाजलेलीं, काळींभोर व बिनरंगाचीं असतात. आणि आपल्या दिवाणखान्यांत येणाऱ्या बऱ्याचशा मूर्ती या रथकारांच्या परंपरेंतूनच आलेल्या आहेत. अरुंबावूर, कळ्ळकुरिची येथील सुतार आजहि तें काम उत्तम करतात. मी हें नाकारीत नाहीं. परंतु रथावरचें शिल्प हें रथाचें अंग आहे. वाड्याच्या खांबावरचें कमळ जसें वाड्याचें अंग, तसें. तें उन्हापावसांत, दुरून, एका मोठ्या रचनेचा भाग म्हणून पाहावयाचें असतें. पूजा त्याची होत नाहीं. पूजा होते ती रथांत बसविलेल्या उत्सवमूर्तीची, आणि ती वस्त्रालंकारांनीं नखशिखांत सजविलेली असते. आपण रथाची एक फळी उचलून आणली आहे आणि तिला देव म्हणून उभें केलें आहे. फळी म्हणून ती सुरेखच आहे.

चंदनाची गोष्ट वेगळी. त्याचा गुण वासांत आहे आणि त्यावर रंग चढविणें म्हणजे तो गुण मारणें होय. तामीळ घरांतून नवरात्रांत ज्या मरपाची बाहुल्या मांडतात, त्या रक्तचंदनाच्या, त्यांनाहि रंग नसतो. पण त्यांना उघड्या कोणी ठेवीत नाहीं. मुलीबाळी त्यांना वस्त्रें नेसवितात, दागिने घालतात. म्हणजे जेथें कुंचला नाहीं तेथें सुईदोरा आहे. नुसतें लाकूड पुढें ठेवून स्वस्थ बसणें हें कोठेंच नाहीं.

लाकडाचा मान आमच्या शास्त्रकारांनीं कमी केला होता असेंहि नव्हे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मूर्तीसाठीं रानांत जाऊन झाड कसें निवडावें याला स्वतंत्र अध्याय दिला आहे; आदल्या रात्रीं झाडाची पूजा करून त्यावर वस्ती करणाऱ्या भूतांना दुसरीकडे राहावयास जाण्याची विनंती करावी, असें तो सांगतो. आजचा गिऱ्हाइक झाडाविषयीं एकच प्रश्न विचारतो: "सागवानच आहे ना?" आणि त्या प्रश्नांत भूतांची नव्हे, वाळवीची धास्ती असते.

'हातानें कोरलेली' या शब्दांबद्दल दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण सारा भाव त्यावर चढतो. आज लाकूड कोरण्याचें यंत्र आहे. गणकयंत्रांत आकृति भरली कीं फिरती सुरी एकामागून एक हव्या तितक्या सारख्या मूर्ती कापून देते. मग एखादा पोऱ्या त्यांवर पटाशी फिरवितो, काचकागद मारतो, गडद पॉलिश चढवितो, आणि त्या 'हस्तकोरीव' म्हणून दुकानांत जातात. कांहीं तर लाकडाच्याहि नसतात. भुसा व राळ यांचा लगदा साच्यांत दाबून केलेल्या असतात. हें खपतें कशामुळें? गडद पॉलिशखालीं सर्व कांहीं झांकून जातें म्हणून. उघड्या लाकडाचा आग्रह धरणाऱ्याला वाटतें कीं आपण अस्सल वस्तु घेतली. प्रत्यक्षांत फसवणुकीला सर्वांत सोपी वस्तु तीच. उलट भुंवईची एक रेघ कुंचल्यानें काढलेली असली तर ती कोणाच्या हातची आहे, कांपणाऱ्या कीं बसलेल्या, हें शाळेंतल्या मुलालाहि कळतें. यंत्रानें रंग फवारतां येतो. डोळ्याच्या कडेची ती एका दमांत ओढलेली रेघ त्याच्याकडून करवून घेऊन पाहा. हात पाहिजे असेल तर तो रंगांत शोधला पाहिजे.

"पण रंग उडतो," ही शेवटची आणि, मला वाटतें, खरी तक्रार. रंग उडतो, टवके जातात, अभिषेक घालतां येत नाहीं. पॉलिशची मूर्ति फडक्यानें पुसली कीं झालें. अभिषेकाचें म्हणाल तर तो प्रश्न भागवतकारांनाहि पडला होता. एकादश स्कंधांत मूर्तीचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत लाकडाचीहि मूर्ति आहे. आणि जिला पाणी सोसत नाहीं ती नुसती पुसून घ्यावी, स्नान घालूं नये, अशी सोयहि तेथेंच करून ठेवली आहे. ज्या गृहिणीला रोज पाणी घालावयाचें आहे तिच्यासाठीं पितळेचा बाळकृष्ण आहेच.

राहिलें रंग उडण्याचें. तो उडावा, हाच लाकडी देवाचा धर्म आहे. पुरीलाच पुन्हा जाऊं. दरवर्षीं ज्येष्ठी पौर्णिमेला त्या देवांना एकशेंआठ घागरींनीं स्नान घालतात. रंग धुपतो. मग देव आजारी पडले असें म्हणतात. पंधरवडाभर दर्शन बंद, आणि तेवढ्या अवधींत सेवेकरी त्यांना पुन्हा रंगवितात. नव्यानें उघडलेल्या डोळ्यांचा उत्सव होतो आणि पाठोपाठ रथ निघतो. एवढ्यानेंहि भागत नाहीं. ज्या वर्षीं आषाढ अधिक येतो त्या वर्षीं कडुनिंबाचीं नवीं झाडें शोधून देवांचे देहच नवे करतात व जुने देह मंदिराच्या आवारांत पुरतात. १९३१, १९५०, १९६९, १९७७, १९९६ आणि २०१५ या सालीं असें झालें. ज्या देशांत जगन्नाथाला जुनें होण्याची लाज वाटत नाहीं, तेथें आपल्या कपाटावरच्या कृष्णाला दहा वर्षांची गॅरंटी कशाला पाहिजे?

रंग उडतो म्हणूनच रंगविणारा पुन्हा घरीं येतो किंवा आपण त्याच्याकडे जातों. पाट झिजले, देव्हाऱ्याची महिरप विटली कीं चिताऱ्याला सांगावा जावयाचा. तो येऊन दोन दिवस ओसरीवर बसून काम करावयाचा. घरांतलीं पोरें त्याच्याभोंवतीं गोळा व्हावयाचीं. पॉलिशची मूर्ति एकदां घेतली कीं घेणाराचा आणि करणाराचा संबंध पावतीपाशीं संपतो. कारागिराच्या पोटाचा प्रश्न आपण सभांतून फार मांडतों, त्याच्या मुलांनीं धंदा सोडला म्हणून हळहळतों, क्वचित् त्याला मानपत्रहि देतों. त्याला मानपत्र नको असतें. दर पांच-दहा वर्षांनीं तेंच काम पुन्हा पाहिजे असतें. तें काम आपण आपल्या 'साध्या' अभिरुचीनें कायमचें बंद केलें आहे.

आजचा बाजारांतला रंग वाईट असतो, हें मात्र मी मान्य करतों. डब्यांतला तेलरंग, चकचकीत गुलाबी गाल, सोनेरी मुलाम्याचा भडिमार. असल्या मूर्तीपेक्षां उघडें लाकूड बरें, असें कोणाला वाटलें तर मी त्याच्याशीं भांडणार नाहीं. परंतु हा रंग वाईट झाला कसा? चोखंदळ गिऱ्हाइक निघून गेलें म्हणून. ज्याला रेघेंतला फरक कळतो आणि ज्याच्या खिशांत त्या फरकाचे पैसे आहेत, असा मनुष्य रंगाकडे पाठ फिरवून बसला, तर रंगविणारा कोणासाठीं हिंगुळ घोटील? गवयाच्या मैफलीला जाणत्यांनीं यावयाचें सोडावें आणि मग गाणें बिघडलें म्हणावें, त्यांतला हा प्रकार.

दोनएक वर्षांपूर्वीं जुन्या लाकडी वस्तूंच्या एका दुकानाच्या मागल्या अंगणांत मीं एक हौद पाहिला. त्यांत कॉस्टिक सोड्याचें पाणी होतें आणि पाण्यांत दक्षिणेकडून आलेल्या पांच-सहा जुन्या मूर्ती बुडत ठेवल्या होत्या. एक गरुड होता. त्याच्या पंखांवरचा हिरवा रंग पापुद्र्यांनीं सुटून वर तरंगत होता आणि एक नोकर तारेच्या ब्रशानें त्याचें तोंड घांशीत होता. हें काय चाललें आहे, असें मीं विचारलें तेव्हां दुकानदार हंसून म्हणाला, "सर, रंग असला तर लोक हात लावीत नाहींत. रंग निघाला कीं हाच माल दुप्पट किमतीला जातो." त्याला मीं बोल लावला नाहीं. तो धंदा करतो. घेणारे तुम्हींआम्हींच, पदवीधर, चार देश पाहिलेले.

तेव्हां वाचकांना माझी विनंति एवढीच कीं, पुढच्या खेपेस लाकडाची मूर्ति घ्यावयास गेलांत तर लाकूड कोणतें हें विचारण्याच्या आधीं ती रंगविणार कोण हें विचारावें. किमतींत कोरणाराचे किती व रंगविणाराचे किती, हेंहि विचारावें, आणि रंगाचे पैसे वेगळे पडले तर ते घासाघीस न करतां द्यावे. बिनरंगाची मूर्ति घरांत आधींच असेल तर ती घेऊन सावंतवाडीला, किन्नाळला किंवा जवळपास जो कोणी असेल त्याच्याकडे जावें. निदान डोळे तरी आंखून आणावे. दुकानदार प्रथम गोंधळेल, कारण हा प्रश्न त्याला फारसा कोणी विचारलेला नसतो. पण एखादा तरी म्हणेल कीं, आहे एक म्हातारा, अजून करतो, मात्र त्याला पंधरा दिवस द्यावे लागतील. ते द्यावे.